इस्माईलभाईंच्या पोटातलं हाड

डोकं फुटलेला माणूस स्ट्रेचरवरून आत गेला की मागून धावत आलेल्या बायकोला, भावाला, जो कोणी असेल त्याला मी पहिला प्रश्न विचारायची, "रेशनकार्ड आणलंय का?" हे वाचून तुम्हाला माझा राग आला असेल तर येऊ द्या. त्या लोकांनाही यायचा. एकदा श्रीगोंद्याकडच्या एका म्हातारीने "तुला काय आईबाप हायेत का न्हाई गं?" असं म्हणत माझ्याच टेबलावरची पाण्याची बाटली उचलून मला मारली होती. बाटली प्लॅस्टिकची होती म्हणून बरं, नाहीतर माझंच डोकं आमच्या डॉक्टरांपुढे गेलं असतं आणि त्याचा कोडही मलाच टाकायला लागला असता.

नगरच्या एका मेंदूच्या दवाखान्यात मी बिलिंगचं आणि कोडिंगचं काम केलं. दवाखान्याचं नाव सांगत नाही. तिथले लोक अजून मला सणावाराला फोन करतात आणि माझं ब्लडप्रेशरही तिथेच तपासलं जातं. कोडिंग म्हटलं की माझ्या भाच्याला वाटतं, मावशी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायची. त्याने तसं मित्रांना सांगूनही ठेवलंय आणि मी ते खोडून काढलेलं नाही. खरं काम साधं आहे. सरकारी योजना असो की विमा कंपनी, त्यांच्याकडे ऑपरेशनांची एक लांबलचक यादी असते आणि प्रत्येक ऑपरेशनला एक कोड असतो. डॉक्टरांनी आत जे केलं ते आपण बाहेर बसून समजून घ्यायचं आणि त्याला बरोबर कोड लावायचा. चुकीचा लागला तर दवाखान्याचे पैसे अडकतात आणि कधीकधी पेशंटही अडकतो. तो कसा अडकतो, तेच पुढे सांगणार आहे.

ठरवून केलेल्या ऑपरेशनला मंजुरी आधी येते आणि पेशंट नंतर. तातडीच्या ऑपरेशनचं सगळं उलटं. पेशंट आत टेबलावर झोपलेला, आणि मी बाहेर एका कानाला फोन लावून योजनेच्या माणसाला सांगतेय की कवटीत रक्ताची गाठ झालीय, उजव्या बाजूला, मेंदू एका अंगाला ढकलला गेलाय, लवकर नंबर द्या. डॉक्टर मंजुरीसाठी थांबत नसत, थांबायचंही नसतं. पण तो फोन वेळेत गेला नाही तर पुढचा सगळा खर्च घरच्यांच्या अंगावर पडायचा. योजनेत नाव लागायला रेशनकार्ड लागतं, म्हणून तो पहिला प्रश्न.

या कामाने माझी बसायची सवय कायमची घालवली. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. ती आता पायातून डोक्यात गेलीय. रविवारी चर्चमध्ये बसले की माझं लक्ष प्रवचनात नसतं, पुढच्या बाकावरच्या माणसांच्या डोक्यांवर असतं. भांगाच्या कडेला एखादी वाकडी पांढरी रेघ दिसली की मनात लगेच सुरू होतं, हे नुसतं भोक पाडलेलं की हाड उघडलेलं? पाळकसाहेब बिचारे शांतीवर बोलत असतात आणि मी कोड लावत असते.

गिऱ्हाइकं मात्र एकेक भेटली. गिऱ्हाईक म्हणू नये, पण बिलिंगच्या खिडकीतून सगळे तसेच दिसतात. "काय झालं होतं?" हा आमचा दुसरा प्रश्न. जखम कशाने झाली यालाही कोड असतो. त्याचं उत्तर एक माणूस कधीच देत नाही. आधी पाच-सहा जणांची जिन्याखाली बैठक होते, मग त्यातला वयस्कर माणूस येऊन निकाल सांगतो, "पडला." कुठून पडला विचारलं की परत बैठक. पोलिसाचं लचांड नको म्हणून ही सगळी खटपट. माझ्या हिशेबाने आमच्या जिल्ह्यातली निम्मी माणसं झाडावरून पडतात, आणि ज्या गावात बाभळीशिवाय झाड नाही त्या गावातली तर हमखास पडतात.

मिरजगावच्या बाजूचे एक आजोबा मला विसरता येत नाहीत. चाळिशीचा मुलगा मोटरसायकल घसरून बेशुद्ध पडलेला, आत न्हावी वस्तरा घेऊन तयार, आणि हे दारात आडवे. "मी जिता असताना पोराचं डोकं भादरायचं न्हाई. बाप मेल्यावर भादरत्यात." डॉक्टर समजावून दमले. आतल्या माणसाचा एकेक क्षण चाललेला. मला काही सुचेना, मी म्हटलं, "आजोबा, नवस बोला ना मग. नवसाचं डोकं तर बाप असतानाही देतात की." म्हातारा बाजूला झाला आणि म्हणाला, "मंग आदी माझं काडा, मागनं त्याचं." वेळ नव्हता, मुलाचं आधी काढलं. पण नंतर न्हाव्याला बाहेर बोलावून त्यांनी आपलंही काढून घेतलं. योजनेला ऑपरेशननंतरचा फोटो लागतो. त्या फोटोत बापलेक दोघे तुळतुळीत शेजारीशेजारी आहेत. असा फोटो नियमात बसत नाही, तरी मी तो पाठवला आणि तो चालला.

आता इस्माईलभाईंचं सांगते. ते लिहायचं म्हणूनच मी या दिवाळी अंकात लिहायला हो म्हटलं, आणि तरी मघापासून इकडतिकडचं सांगत टाळतेय.

इस्माईलभाई नालबंद. बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकायचं काम. आता ट्रॅक्टरने शेती व्यापली, तरी काष्टीच्या बाजारात बैल येतात आणि डांबरी सडकेवर चालायचं तर त्यांना पत्र्या लागतात. दोरी टाकून बैल आडवा करायचा, चारी पाय बांधायचे आणि मग ठोकत बसायचं. त्यांचे वडीलही हेच करायचे. अशाच एका बाजारच्या दिवशी दोरी आवळताना एक पाय सुटला आणि लात कानाच्या वर बसली.

त्यांना घेऊन आला तो बैलाचा मालक. या मालकाला सगळे नाना म्हणत. जाड काचेचा चष्मा, धोतराला माती, आणि तोंडाने एकच वाक्य चालू, "बैल गरीब हाय हो. कदी पाय उचलत न्हाई." मी माझा प्रश्न विचारला. त्यांनी एका दमात सांगितलं, "माझ्या बैलानं लात मारली. माझं नाव लिवा." बैठक नाही, जिना नाही. इतक्या वर्षांत असं उत्तर मला पहिल्यांदाच मिळालं होतं.

इथे जरा डोक्याचं सांगायला हवं. कवटीत रक्ताची गाठ झाली की डॉक्टर हाडाचा एक तुकडा झाकणासारखा कापून उचलतात, गाठ काढतात आणि झाकण परत जागेवर बसवून टाके घालतात. हे एक ऑपरेशन, त्याचा एक कोड. पण कधीकधी गाठ काढल्यावरही मेंदू सुजत जातो. दूध उतू जायला लागलं की आपण झाकण काढून ठेवतो, तसं मग ते हाड बाहेरच ठेवायला लागतं. त्याचा कोड वेगळा. आणि काढलेलं हाड टाकून देत नाहीत. पेशंटच्याच पोटाच्या कातडीखाली एक कप्पा करून त्यात ठेवतात. आपल्याच अंगात ते नीट राहतं. दोन-तीन महिन्यांनी सूज पूर्ण गेली की पोटातून काढून परत डोक्याला बसवायचं. तोवर माणसाच्या डोक्याला एका बाजूने नुसती कातडी. माणूस खोकला तरी तिथे फुगवटा येतो.

इस्माईलभाईंच्या बाबतीत हेच झालं. मी फोनवर मंजुरी घेतली ती पहिल्या ऑपरेशनची, झाकण उघडून परत बसवण्याची. आत गेल्यावर मेंदू सुजलेला निघाला, डॉक्टरांनी हाड पोटात ठेवलं. असं झालं की नंतर आम्ही कोड बदलून घेतो. त्यात नवल काही नाही, रोजचं काम आहे. पण ऑपरेशनची हकिकत लिहायला असायचे ज्युनिअर डॉक्टर. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये एक तयार मजकूर होता. नाव बदलायचं, वय बदलायचं, उजवं-डावं बदलायचं. शेवटची ओळ मात्र आपोआप तशीच राहायची, 'हाड जागेवर बसवून टाके घातले.' त्या दिवशीही ती राहिली. मोठ्या डॉक्टरांनी गठ्ठ्यातल्या बाकीच्या कागदांबरोबर त्यावरही सही केली. ते कागद बिलिंगला आले तोवर मी भाचीच्या लग्नासाठी संगमनेरला गेलेली. माझ्या खुर्चीत जी मुलगी बसली होती तिने मंजुरी बघितली, हकिकत बघितली, दोन्हींत एकच लिहिलेलं होतं, तिने केस बंद केली. तिचं काही चुकलं नाही. आमच्या धंद्यात कागद कागदाशी जुळवतात, माणसाशी नाही.

इस्माईलभाई वाचले. बोलायला लागले, चालायला लागले. घरी जाताना शमीमभाभींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, गोधडीच्या कापडाची कापूस भरलेली एक जाड टोपी शिवून त्यांना घातली. बाहेरचा कोणी टपली मारेल, पोरंटोरं चेंडू मारतील, या धास्तीने त्या नवऱ्याला ओट्यावरसुद्धा एकट्याला बसू देत नव्हत्या. जनावरांत जाणं तर लांबच राहिलं. आणि हा माणूस जन्मभर जनावरांतच राहिलेला.

ऊन तापायला लागलं तेव्हा ते हाड बसवून घ्यायला आले. बरोबर भाभी आणि नाना. नाना प्रत्येक वेळी यायचे, येताना किटलीभर दूध आणायचे आणि दूध बैलाचं नसतं हे माहीत असूनही "माझ्या बैलाकडनं" म्हणून द्यायचे. मी दुसऱ्या ऑपरेशनची मंजुरी मागितली आणि उत्तर आलं, नोंदीनुसार हाड पहिल्याच ऑपरेशनमध्ये बसवलेले आहे, पुन्हा बसवण्याचे कारण स्पष्ट करावे.

मी ते त्यांना वाचून दाखवलं. इस्माईलभाईंनी शांतपणे सदरा वर केला, पोटावरचा उंचवटा दाखवला आणि म्हणाले, "मंग ह्ये कुनाचं हाय म्हनं?"

भाभींना हसू आलं, मलाही आलं. ते हसू फार टिकलं नाही. मी मोठ्या उत्साहाने सगळं पाठवलं. ऑपरेशननंतरचा डोक्याचा स्कॅन, त्यात हाड नाही हे शेंबडं पोरही सांगेल. पोटाचा एक्स-रे, त्यात चतकोर भाकरीएवढा कवटीचा तुकडा स्वच्छ दिसतोय. दोन्ही टाक्यांचे फोटो. उत्तर आलं, स्कॅन आणि ऑपरेशनची हकिकत यांत विसंगती आहे, ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचा लेखी खुलासा जोडावा. तिकडे कागद तपासणाऱ्या डॉक्टरांना मी फोन केला. माणूस चांगला होता. म्हणाला, "बाई, मला दिसतंय हो. पण दोन कागद दोन गोष्टी सांगत असतील तर मी सही कशावर करू? तुमच्या डॉक्टरांना दोन ओळी लिहायला सांगा, मी लगेच मंजूर करतो."

दोनच ओळी हव्या होत्या. ही हकिकत चुकीची लिहिली गेली, हाड पोटात ठेवलेलं आहे. मी टाईप करून मोठ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वाचलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"हे मला देता येणार नाही, साळवेबाई."

"का सर? खरं आहे ते."

"खरं आहे म्हणूनच. माझ्या ऑपरेशनच्या नोट्स कोर्टात जातात. अपघाताच्या, मारामारीच्या. सारखी कुठे ना कुठे साक्ष असते. माझ्या सहीखाली न झालेली गोष्ट गेली, असं मी स्वतः लिहून दिलं तर उद्या प्रत्येक वकील हाच कागद नाचवेल. आमचे वकील म्हणतात, देऊ नका."

"आणि तोवर ते हाड पोटात नाचत बसणार का?"

माझं तोंड असंच आहे, आधी उघडतं आणि मग मला विचारतं. डॉक्टर रागावले नाहीत. या माणसाचे हात मी बघितलेले आहेत. समोरचा पेशंट कोण, कुठला, कधी विचारलं नाही, जेवण अर्धं टाकून आत गेलेला माणूस. म्हणूनच मला जास्त चीड आली. परका असता तर शिव्या घालून मोकळी झाले असते.

व्यवस्थापकांकडे गेले. म्हटलं, मंजुरीचं मागून बघू, आपण ऑपरेशन करून टाकू. ते म्हणाले, चौकशी चालू असलेल्या केसला परवानगीशिवाय हात लावला तर दवाखाना योजनेतून जाईल, मग बाकीच्या गरिबांनी कुठे जायचं? त्यांचंही खोटं नव्हतं. मला त्या दिवसांत हाच वैताग होता. जो भेटे तो आपल्या जागी बरोबर, आणि ते हाड तेवढं चुकीच्या जागी.

आणि पोटातलं हाड कायम तसंच राहत नाही. अंगाला ते नको असतं की काय कोण जाणे, ते हळूहळू विरघळायला लागतं. कुणाचं लवकर, कुणाचं उशिरा. इस्माईलभाई तपासायला आले की मोठे डॉक्टर स्वतः पोटावर बोटं फिरवून बघायचे. आधी म्हणाले, ठीक आहे. पुढच्या खेपेला काही बोललेच नाहीत. त्याच्या पुढच्या खेपेला बाहेर येऊन मला हळूच म्हणाले, "कडा पातळ लागतायत." मी म्हटलं, "मग सर?" ते पुढच्या पेशंटकडे गेले.

मला घरी अन्न गोड लागेना, हे मी भाभींजवळ बोलूनही गेले. भाकरी थापतानासुद्धा कड पातळ झाली की हात थांबायचा. मी व्यवस्थापकांना पत्रं लिहिली, योजनेच्या त्या कागद तपासणाऱ्या डॉक्टरांना इतके फोन केले की ते माझा आवाज ओळखून "अजून नाही का दिलं?" अशीच सुरुवात करायचे. बसून राहणं हा माझा स्वभाव नाही, आणि या प्रकरणात बसून राहण्याशिवाय काही हातात नव्हतं.

मग एक दिवस नाना आत घुसले. म्हणजे मीच घुसवले. मोठे डॉक्टर तपासून झाल्यावर हात धूत होते, इस्माईलभाई टेबलावर सदरा खाली ओढत होते. नाना दारातून म्हणाले, "डाक्तरसाहेब, एक इचारू का? माझ्या बैलानं लात मारली. लोकं म्हनली, नाना, सांगू नको, पोलिसात जाशील, भरपाई मागतील. पन बैल माझ्या दावनीचा. त्यो काय सांगनार हाय का, मी मारली म्हून? मालकानंच सांगायचं आसतं. तुमच्या हाताखालच्या पोरानं चुकून लिवलं, त्ये सांगायला आवघड काय हाय?"

डॉक्टरांनी नळ बंद केला. इस्माईलभाई घाईने म्हणाले, "नाना, गप बसा ओ. साह्यबांनी जीव वाचीवलाय माजा." डॉक्टर एवढंच म्हणाले, "बाई, यांना बाहेर न्या." आवाज कडक होता. मला वाटलं, झालं, होतं नव्हतं तेही घालवलं.

त्यानंतर बरेच दिवस काहीच नाही. सर माझ्याशी कामापुरतंच बोलायचे. मग एका सकाळी मी येऊन बघते तर टेबलावर तो कागद, मी टाईप केलेलाच, खाली सही आणि शिक्का. बरोबर चिठ्ठी नाही, निरोप नाही. नानांच्या बोलण्याने झालं, की वकिलाने मत बदललं, की त्या बोटांना कडा लागल्या त्याने, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मी तो कागद उभ्याउभ्याच स्कॅन करून पाठवला. तिकडच्या भल्या माणसाने शब्द पाळला. मंजुरी लगेच आली. मी सगळ्या स्टाफला पेढे वाटले. व्यवस्थापकांनी दोन खाल्ले.

ऑपरेशन झालं. सर बाहेर आले, टोपी काढली आणि सरळ भाभींसमोर उभं राहून म्हणाले, "हाड बसवलंय. पण पुढची कड विरघळली होती. कानशिलाजवळ दोन बोटांची फट राहिलीय. मला उशीर झाला." भाभींना शेवटचं वाक्य कळलं की नाही, माहीत नाही. त्यांनी मान हलवली. मला कळलं, आणि मी पेढ्यांचा रिकामा खोका टेबलाखाली ढकलला.

फट दोनच बोटांची. चालायला, बोलायला, बाजारहाट करायला काही अडचण नव्हती. पण ज्याला बैलाच्या पायाशी बसून हातोडा चालवायचाय, त्याला कानशिलाजवळची दोन बोटं पुष्कळ झाली. भाभींनी अवजारांची पेटी माळ्यावर टाकली. ती फट धातूची जाळी बसवून भरता येते. त्याला तिसरं ऑपरेशन, तिसरी मंजुरी. आणि आता कागदावर खरोखरच हाड बसवलेलं होतं.

पण मला एक वाट दिसली होती. ऑपरेशननंतर योजनेकडून पेशंटला फोन येतो. उपचार झाला का, कुणी पैसे मागितले का, समाधान आहे का, असं विचारतात. पेशंटने स्वतः सांगितलं की फट राहिलीय, काम करता येत नाही, तर ती तक्रार म्हणून नोंदते आणि तिच्यावर वरून विचारणा होते. मग मी जाळीची मंजुरी मागायला मोकळी. इस्माईलभाई टाके काढायला आले तेव्हा मी त्यांना समोर बसवून पढवलं. "नीट ऐका. विचारलं, हाड बसलं का, तर म्हणायचं, अर्धं बसलं, फट राहिली. विचारलं, समाधान आहे का, तर म्हणायचं, नाही. कुणाची भीड धरायची नाही. माझी नाही, सरांची नाही." ते "व्हय, व्हय" करत होते. भाभी माझ्याकडे एकटक बघत होत्या.

आणि फोन तेव्हाच आला. इस्माईलभाई माझ्या टेबलासमोरच होते. मी खूण केली, त्यांनी स्पीकर लावला. पलीकडे एक तरुण मुलगी होती, वाचून दाखवल्यासारखं विचारत होती.

"आपलं ऑपरेशन झालं का?"

"झालं."

"कोणी पैसे मागितले का?"

"न्हाई."

"कवटीचं हाड बसवलं का?"

मी मान पुढे केली. इस्माईलभाईंनी हात वर नेला. दोन बोटं कानशिलाजवळच्या त्या मऊ जागेवर ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "व्हय. बसलं."

"आपण समाधानी आहात का?"

"लई."

फोन बंद झाला. मला संताप आला. मी म्हटलं, "इस्माईलभाई, काय केलंत हे? तुमच्यासाठी केलं होतं ना मी सगळं? आता कोण देईल तिसरी मंजुरी?"

बोलल्या त्या भाभी. "म्याडम, परत इचारतील, परत कागद मागतील. साह्यबांना परत ल्याहाया लावनार. तुमी परत जेवनार न्हाई. आन् ह्ये रोज उठून पोट चाचपीत बसनार, कवा काडत्यात, कवा बसवत्यात. समदा उन्हाळा आमी तेच केलं."

इस्माईलभाई उठले. जाताना टेबलावर हात टेकवून, माझीच समजूत काढावी तसं म्हणाले, "ताई, माझ्यासाटी लई पळालात. आता मला ह्या कागदातनं भाईर पडू द्या."

नाना बाहेर रिक्षा धरून थांबले होते. तिघे तिच्यात बसून स्टँडकडे गेले. त्या संध्याकाळी मी केस बंद केली. मंजुरी, हकिकत, पेशंटचा जबाब, सगळं सगळ्याशी जुळलेलं, कुठे एक खोट काढायला जागा नाही. इस्माईलभाई त्या कागदातून बाहेर पडले. मी अजून पडलेली नाही.